हँडब्रेक : चाकापासून दांड्यापर्यंत

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरी येते, अर्थकारण येते, नाट्यसंगीत येते. हँडब्रेक येत नाही. संयोजकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही कामगार कायद्यावर किंवा महागाईभत्त्यावर बोलू. त्या विषयांवर आम्ही आयुष्यभर बोलत आलो आहोत आणि श्रोत्यांनीही ते पुष्कळ सोसले आहे. यंदा आम्ही एका नटावर बोलायचे ठरवले. हा रंगभूमीवरचा नट नव्हे. मोटारीच्या पोटाखाली किंवा दोन आसनांच्या मध्ये लपून बसलेला, दहा-बारा नंबरच्या पान्याने फिरणारा हा नट आहे. टॅक्सीवाले, ट्रकवाले आणि गॅरेजात राबणारी पोरे यांच्या संगतीत आमची तीस वर्षे गेली. यंत्रविद्येचे शिक्षण आम्ही त्यांच्याकडून आणि गाड्यांबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकांतून घेतले. त्यामुळे येथे जे सांगतो ते विद्यापीठातले नाही, परंतु हाताखालून गेलेले आहे.

आपल्या गावांतून जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत. प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसिडर आता हौशी लोकांच्या अंगणातच बहुधा दिसतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा निरोप २०२३ च्या ऑक्टोबरात झाला. परंतु मारुती ८०० मात्र आडगल्लीत, डॉक्टरांच्या दवाखान्यापुढे, निवृत्त शिक्षकांच्या दारात अजून उभी असते. १९८३ च्या डिसेंबरात ती प्रथम लोकांच्या हाती आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे यातली अगदी धाकटी गाडीसुद्धा आता दशक ओलांडून गेली आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि पुढे दर पाच वर्षांनी ती नवी करून घ्यावी लागते. त्या वेळी गाडी तपासणीला उभी राहते आणि मग मालकाला हँडब्रेकची आठवण होते. एरवी त्याच्याकडे कोणी पाहत नाही. उतारावर गाडी लावली, दांडा ओढला, खट्खट् आवाज झाला की आपण निर्धास्त होऊन भाजी आणायला जातो. आवाज झाला म्हणजे ब्रेक लागला, ही समजूत मात्र खरी नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू; आमची ती सवयच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६ चा आशय असा की, सार्वजनिक जागी गाडी उभी करून चालकाने आसन सोडायचे असेल तर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली असली पाहिजे. १९८९ च्या केंद्रीय नियमांत मोटारगाडीला दोन ब्रेक सांगितले आहेत, एक पायाचा आणि एक उभ्या गाडीचा. हे दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. या ‘स्वतंत्र’ शब्दात सारे मर्म आहे. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. जुन्या पुष्कळ गाड्यांत चारही चाकांना मिळून तेलाची एकच वाट असे. एक नळी फुटली की पायाखालचे पेडल थेट जमिनीला टेकत असे. अशा वेळी हाताशी उरतो तो तारेवर चालणारा हा दांडा. त्याला तेल लागत नाही, इंजिन लागत नाही. पहिली फळी कोसळली तरी उभी राहणारी ती दुसरी फळी आहे, आणि नेमकी तीच आपण गंजत ठेवतो.

तिच्यावर भार किती येतो याचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. मारुती ८०० चे रिकामे वजन सुमारे ६५० किलो. पाच फूट वाट चालली की एक फूट चढ, असा तीव्र उतार धरला तर गाडीला खाली ओढणारा जोर वजनाच्या एक पंचमांश, म्हणजे १३० किलो होतो. आत माणसे आणि सामान मिळून वजन ९०० किलोंवर गेले तर तोच जोर १८० किलो होतो. पोत्याच्या भाषेत सांगायचे तर धान्याची जवळजवळ दोन क्विंटलांची रास उतारावरून अखंड ओढते आहे, आणि तिला धरून ठेवायला मागच्या दोन चाकांतली चार अस्तरे आणि एक तार. माणूस ओरडल्यावर गाडी थांबत नाही. उतारावर खेळणारे मूल, गाडीच्या मागे डिकी उघडून उभी असलेली बाई यांना पळायला वेळ मिळत नाही.

आता रचना. दोन आसनांमधला दांडा वर ओढला की त्याच्या बुडाशी असलेली खिटी एका दातेरी पट्टीवर एकेक खाच चढत जाते. तो आपला खट्खट् आवाज. दांड्याला जोडलेली तार मागे जाते. वाटेत एक आडवी पट्टी असते. तिचे काम बैलांच्या जुवासारखे. ओढ डाव्या-उजव्या चाकांत सारखी वाटून देणे. तेथून दोन तारा दोन मागच्या चाकांत शिरतात. चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा म्हणजे ड्रम. त्याच्या आत, न फिरणाऱ्या पत्र्यावर, दोन अर्धगोल पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांना ब्रेक-शू म्हणतात आणि त्यांच्यावर घासण्यासाठी जे अस्तर असते त्याला गॅरेजात ‘लायनर’ म्हणतात. तारेने आतली एक छोटी दांडी ओढली की ती एका पट्टीला एकीकडे आणि मधल्या आडकाठीमार्फत दुसऱ्या पट्टीला दुसरीकडे रेटते. दोन्ही पट्ट्या फाकून ड्रमच्या आतल्या अंगाला चिकटतात आणि चाक अडते. ध्यानात ठेवायची गोष्ट ही की, याच पट्ट्यांना पायाचा ब्रेकही तेलाच्या जोराने फाकवतो. दोन धनी आणि चाकर तेच, असा हा प्रकार आहे.

रोजच्या वापराने अस्तर झिजते. झिजले की पट्टी आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढते, तेवढे अंतर तोडायला दांडा अधिक वर ओढावा लागतो. तारही वर्षानुवर्षे थोडी ताणते. म्हणून चार खाचांत लागणारा ब्रेक दहा खाचांवर जातो आणि एक दिवस दांडा छताकडे पाहू लागतो. मालक गॅरेजात जातो. कारागीर घाईत असतो. दांड्यावरचे आवरण काढून तो तारेचा नट चार फेरे आवळतो, दांडा पुन्हा पाच खाचांवर येतो, मालक खूष होतो आणि पैसे देऊन निघतो.

आमचे सांगणे आहे ते येथेच. हा इलाज खोटा आहे. कारखान्यात मूळ तक्रार यंत्राच्या वेगाची असताना व्यवस्थापन चहाची सुट्टी पाच मिनिटांनी वाढवून देते आणि तंटा मिटला म्हणून कागद करते, तशातलाच हा समझोता. तंटा चाकात आहे आणि तडजोड दांड्यापाशी झाली. तार आवळली म्हणून झिजलेले अस्तर जाड होत नाही. उलट एक नवे नुकसान होते. पुष्कळ गाड्यांत ड्रमच्या आत अशी योजना असते की, पायाचा ब्रेक दाबता दाबता अस्तराची झीज आपोआप भरून निघावी. दांडा पूर्ण खाली असताना पट्ट्या आपल्या मूळ जागी विसावतात, या गृहीतावर ती योजना चालते. तार फाजील आवळली तर पट्ट्या मूळ जागी परततच नाहीत. मग आपोआप भरून काढणारी ती रचना थबकते, पायाचे पेडल दिवसेंदिवस खोल जाऊ लागते, आणि हँडब्रेक ‘छान’ केलेली गाडी पायाच्या ब्रेकला अधू होते. शिवाय चालत्या गाडीत अस्तर सारखे घासत राहते. ड्रम तापतो, जळका वास येतो, पेट्रोल अधिक जाते. तेव्हा क्रम असा : आधी चाक, मग तार, सर्वांत शेवटी दांडा.

हे काम घरी होण्याजोगे आहे, परंतु जागा सपाट आणि कठीण हवी. उतारावर किंवा भुसभुशीत मातीवर हात लावू नये. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर किंवा भक्कम दगड लावावा. येथे एक बारकावा आहे. मारुती ८०० चे इंजिन पुढची चाके ओढते. म्हणून ती गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली तर पुढची चाके धरलेली राहतात आणि मागची मोकळी फिरवून पाहता येतात. अँबॅसिडर आणि पद्मिनी यांचा जोर मागच्या चाकांना. ती चाके फिरवून पाहायची तर गिअर मोकळा ठेवावा लागतो, हँडब्रेकही सुटलेला असतो, म्हणजे गाडी केवळ आपल्या पाचरींच्या भरवशावर उभी. तेथे पाचरीत कसर करू नये.

चाक काढायचे असेल तर त्याचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्यावे. मग जॅकने मागचा भाग उचलावा आणि पुस्तिकेत दाखवलेल्या भक्कम जागी लोखंडी स्टँड देऊन गाडी त्यांवर उतरवावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातभरही अंग घालू नये. विटांवरही गाडी ठेवू नये. वीट भार सोसते सोसते आणि पूर्वसूचना न देता फुटते. गॅरेजात काम करणाऱ्या पोरांना स्टँड न देता जॅकवरच्या गाडीखाली सरकायला लावणारे मालक आम्ही पाहिले आहेत. स्टँडच्या जोडीची किंमत आणि माणसाच्या छातीच्या पिंजऱ्याची किंमत यांचा हिशेब त्यांनी कधी मांडलेला नसतो. घरच्या अंगणात मालकही आपण आणि मजूरही आपणच, तेव्हा ही कंजूषी करण्याचे काही कारण नाही.

ब्रेक थंड असू द्या. तापलेला ड्रम फुगलेला असतो आणि मापे फसवतो. दांडा पूर्ण खाली सोडा. नंतर तारेचा नट इतका सैल करा की तारेत स्पष्ट ढिलेपणा यावा. हा नट काही गाड्यांत दांड्याच्या बुडाशी आवरणाखाली सापडतो, काहींत गाडीखाली त्या जुवासारख्या पट्टीजवळ. बहुधा दोन नट एकमेकांवर आवळलेले असतात. बाहेरचा आतल्याला फिरू देत नाही, म्हणून आधी तो सोडवावा लागतो. गंजलेला असेल तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवावे. जोर करून आट्या मोडल्या तर दहा मिनिटांचे काम आठवड्याचे होते.

आता चाकाकडे. चाक आणि ड्रम काढून अस्तर पाहणे उत्तम. ड्रम निघताना त्रास देतो. त्याच्या तोंडावर दोन आट्यांची भोके दिसली तर त्यांत योग्य मापाचे बोल्ट सारख्या फेऱ्यांनी आवळले की तो बाहेर ढकलला जातो. अस्तर पुस्तिकेतल्या किमान जाडीपेक्षा पातळ झाले असेल, तडकले असेल किंवा एकीकडूनच झिजले असेल तर आवळाआवळी करण्यात अर्थ नाही. नवे घालावे, आणि तेही दोन्ही चाकांत एकदम. आत तेलाचा ओलावा दिसला तर तेथेच थांबावे. तेलाने माखलेले अस्तर पकड धरत नाही आणि ते तेल येते कोठून हे शोधणे जाणत्या कारागिराचे काम आहे. त्याची मजुरी त्याला द्यावी, घासाघीस न करता द्यावी.

ड्रमच्या आत जी काळी-करडी धूळ असते तिच्याविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. ही धूळ म्हणजे झिजलेले अस्तर. पूर्वीच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस सर्रास वापरीत; त्याला उष्णता सोसते आणि ते स्वस्त पडते. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात आणि तेथून निघत नाहीत. त्यांच्यापासून फुप्फुसे कठीण होत जाण्याचा रोग होतो, कर्करोग होतो. आणि तो दुसऱ्या दिवशी नव्हे, वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी उघडा पडतो. कामगार तोवर निवृत्त झालेला असतो, कारखाना हात झटकतो. कामगारांच्या कपड्यांवरून घरी आलेल्या धुळीने, ते कपडे धुणाऱ्या त्यांच्या बायकांनाही हे रोग झाल्याचे जगभर नोंदले गेले आहे. युरोपीय संघाने २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपल्याकडे त्याच्या वापरावर अशी सरसकट बंदी झालेली नाही. मात्र आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली, ॲस्बेस्टॉस कामगारांच्याच खटल्यात, कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे असे ठरवले. त्या निकालाचा उपयोग आम्ही कित्येक सभांतून सांगितला. पण खरे सांगायचे तर गॅरेजातले पोर अजूनही ड्रम काढल्याबरोबर हवेच्या नळीने किंवा तोंडाने फुंकर मारते, आणि त्याला कोणी थांबवीत नाही.

तुमच्या जुन्या गाडीत कोणते अस्तर आहे हे पाहून कळत नाही. म्हणून ते घातक आहे असेच धरून चालावे. फुंकू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये, घरच्या झाडूने तर मुळीच नाही. पाण्याने फडके चांगले ओले करावे, धूळ त्याने टिपून घ्यावी आणि ते फडके तसेच ओले पिशवीत बांधून टाकावे. तोंडाला रुमालाऐवजी बारीक धूळ अडवणारा मुखपट्टा लावावा. मुलांना जवळ उभे करू नये. कामाचे कपडे घरातल्या इतर धुण्यात मिसळू नयेत. नवे अस्तर घेताना ते ॲस्बेस्टॉसविरहित असल्याचे वेष्टनावर पाहून घ्यावे. चार पैसे जास्त पडले तरी हरकत नाही.

ड्रम परत बसवल्यावर अंतर साधायचे. काही गाड्यांत मागच्या पत्र्यावर चौकोनी डोक्याची खुंटी असते, काहींत एका भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून आतले दातेरी चाक फिरवावे लागते. दोन्ही ठिकाणी रीत एकच : चाक हाताने अडेपर्यंत आवळायचे, मग ते मोकळे फिरू लागेपर्यंत मागे सोडायचे. अगदी हलकी सळसळ ऐकू आली तर चालते, अडखळ चालत नाही. आपोआप जुळणाऱ्या रचनेत दोन्ही ड्रम जागेवर बसल्यानंतर पायाचे पेडल पाच-दहा वेळा जोराने दाबावे. पट्ट्या आपले अंतर स्वतः धरतात. पुष्कळदा मौज अशी होते की, एवढ्यानेच हँडब्रेक निम्मा सुधारतो आणि तारेला फारसे काही करावे लागत नाही.

शेवटी तार. दांडा दोन-चार वेळा पूर्ण ओढून सोडावा, म्हणजे तार आपल्या जागी बसते. मग नट अर्धा-अर्धा फेरा आवळत जावे आणि दर वेळी दांडा ओढून खाचा मोजाव्या. किती खाचांवर ब्रेक पक्का लागला पाहिजे हा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. जुन्या लहान गाड्यांत तो साधारण चार ते आठच्या घरात येतो. तेवढ्या खाचांवर दोन्ही मागची चाके हाताने हलता कामा नयेत, आणि दांडा खाली टाकताच दोन्ही मोकळी फिरली पाहिजेत. यांतली दुसरी कसोटी लोक विसरतात आणि तीच मोठी आहे. एक चाक धरते आणि दुसरे फिरते असे झाले तर नट आणखी आवळू नये. त्या बाजूची तार आवरणात गंजून अडकलेली असते किंवा त्या ड्रमातले अंतर चुकलेले असते. अडकलेली तार बदलावीच लागते. सगळे जुळले की बाहेरचा नट आतल्यावर आवळून पक्का करावा.

गाडी उतरवून प्रथम सपाटीवर पाहावे : दांडा ओढून गाडी हाताने ढकलली तर हलू नये. मग मोकळ्या, निर्मनुष्य, सौम्य उतारावर. या वेळी आसनावर माणूस बसलेला हवा आणि त्याचा पाय पेडलजवळ हवा. उभे राहून पाहणारा गाडीच्या बाजूला उभा राहावा, पुढे किंवा मागे नव्हे. चालत्या गाडीत पायाचा ब्रेक गेलाच तर दांडा हिसका देऊन ओढू नये. बोटाने खिटीचे बटण दाबून धरावे, खालच्या गिअरवर यावे आणि दांडा हळूहळू ओढावा. एकदम ओढला तर मागची चाके जाम होतात आणि गाडी आडवी फिरते.

घाटात बंद पडलेल्या ट्रकचा क्लीनर उडी टाकून चाकाखाली दगड सारतो. हँडब्रेकपेक्षा त्याचा दगडावर विश्वास अधिक, आणि ते चूक नाही. चूक पुढची : ट्रक निघून जातो आणि दगड रस्त्यात राहतो, मागून येणाऱ्या दुचाकीवाल्यासाठी. आपणही तीव्र उतारावर गाडी लावताना हँडब्रेकवर सगळा भार टाकू नये. गिअर घालावा, तोंड चढाकडे असेल तर पहिला आणि उताराकडे असेल तर उलटा. आणि पुढची चाके, तोंड उताराकडे असेल तर रस्त्याच्या कडेच्या कठड्याकडे आणि चढाकडे असेल तर कठड्यापासून उलट बाजूला वळवून ठेवावी.

कोकणात आणि एकूणच पावसाळी मुलखात आणखी एक प्रकार घडतो. आषाढात गाडी हँडब्रेक लावून दोन-तीन आठवडे दारात उभी राहिली की अस्तर ड्रमला गंजाने चिकटते. दांडा खाली टाकला तरी चाक सुटत नाही. अशा वेळी इंजिनाचा जोर करू नये; अस्तर पट्टीपासून उखडून निघते. गाडी पुढे-मागे हळूच झुलवावी, नाही सुटले तर चाक काढून ड्रमच्या कडेवर लाकडाचा तुकडा ठेवून हलके ठोके द्यावे. त्यापेक्षा बरे असे की, गाडी फार दिवस उभी राहायची असेल तर सपाट जागी लावावी, गिअर घालावा, चाकांना पाचरी द्याव्या आणि दांडा खालीच ठेवावा.